काचपट्टीवरचा चरा

एका विद्यार्थिनीला खोटे ठरवता यावे म्हणून मी एकदा नांदेडहून लातूरला गेलो होतो. ज्या दोन माणसांना हे सांगायला हवे होते, त्यांपैकी एकीला मी सांगितले. दुसऱ्याला ते न सांगताच कळले होते. तरीही लिहून ठेवतो आहे, कारण बोलताना मी स्वतःला थोडी सूट देतो, आणि ती सूट मला लिहिताना परत घेता येते.

मी नांदेडला पदार्थविज्ञान शिकवतो. माझ्या प्रयोगशाळेत गेली बारा-पंधरा वर्षे एकच काम चालते: द्रावणात विरलेला पदार्थ काचेवर उतरवायचा आणि उतरतानाच त्याला हवा तो आकार द्यायचा. सोप्या शब्दांत सांगायचे तर छपाई. चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळून शाई करायची, ती प्रिंटरच्या धुतलेल्या कार्ट्रिजमध्ये भरायची आणि कागदाऐवजी काचपट्टीवर छापायची. पाणी उडून जाते, चांदी मागे राहते, आणि तापत्या तव्यावर अर्धा तास ठेवली की त्या रेघेतून वीज वाहू लागते. मोठ्या संस्थांकडे या कामासाठी खास यंत्रे असतात. आमच्याकडे कार्यालयातून बाद झालेला एक प्रिंटर होता; त्याचा कागद ओढणारा भाग काढून तिथे काचपट्टी सरकवायची पाटी आम्ही बसवली होती.

ही विद्यार्थिनी उदगीरजवळच्या गावची, बौद्ध कुटुंबातली. वडील एस.टी.त वाहक होते. तिने निवडलेला विषय मला आवडला होता. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, व्यापारी सोयाबीनचे दोन दाणे दाताखाली धरतो आणि ओलावा किती ते सांगतो. तो सांगेल तोच ओलावा. त्याच्या दाताऐवजी पोत्यात खोचता येईल अशी एक छापील पट्टी तिला करायची होती. पट्टीवर चांदीचे दोन कंगवे, एकाचे दात दुसऱ्याच्या दातांमध्ये शिरलेले, पण कुठेही न टेकलेले. मधल्या फटीत ओल शिरली की विजेचे माप बदलते. सारे अवघडपण त्या दातांत होते: रेघ केसासारखी बारीक हवी आणि सलगही हवी.

आणि तिच्या रेघा सलग येत. अडचण एवढीच होती, की मी समोर असलो की त्या येत नसत.

माझी सुरुवातीची शंका अगदी सौम्य होती. सकाळी ती टेबलावर चार काचपट्ट्या मांडून ठेवी. मल्टीमीटरची टोके रेघेच्या दोन्ही बाजूंना टेकवली की यंत्र बीप करी. सलग, स्वच्छ बीप. मी म्हणे, "छान. आता एक माझ्यासमोर छाप." मी दाराजवळच्या माझ्या खुर्चीत बसे. ती चहा मागवी, कूलर माझ्याकडे वळवी, आदल्या दिवशीचे सगळे सांगे आणि मग छापायला घेई. तीच शाई, तोच प्रिंटर. पट्टी बाहेर येई, तव्यावर भाजली जाई, आणि मल्टीमीटर गप्प राही. भिंगाखाली पाहिले तर रेघ मध्येमध्ये तुटलेली, आणि जिथे होती तिथे कडेला जाड, मध्ये पोकळ. बशीत सांडलेला चहा वाळल्यावर त्याची कड तेवढी गडद उरते, तशी.

"असं कसं होतं?" मी विचारी.

"काय की सर. सकाळी तर आलं होतं."

"कुणी पाहिलं?"

मी हा प्रश्न मृदू आवाजात विचारत असे. माझा आवाज नेहमीच मृदू असतो, आणि त्याचा मला अनेक वर्षे अभिमान होता. मृदू आवाजात विचारलेला अविश्वास अधिक खोल जातो हे मला फार उशिरा कळले.

मार्च संपला, एप्रिल अर्धा गेला, आणि हेच चालू राहिले. मी नसताना बीप, मी असताना मौन. तिच्या डिसेंबरच्या सहामाही अहवालावर मी 'समाधानकारक नाही' असा शेरा दिला होता; तेव्हा सलग रेघ येतच नव्हती. आमच्याकडे असा शेरा दुसऱ्यांदा पडला की समिती नोंदणी रद्द करते. जूनच्या बैठकीसाठी दुसऱ्या शेऱ्याचे पत्र मी लिहून ठेवले होते. त्यात 'फसवणूक' हा शब्द नव्हता. 'निष्कर्षांची पुनरावृत्ती मार्गदर्शकाच्या उपस्थितीत होऊ शकलेली नाही' असे सभ्य वाक्य होते. त्या वाक्याचा अर्थ काय लावला जाईल हे मला पक्के ठाऊक होते. तिची चार वर्षे त्या एका पानावर होती.

ती नसताना मी तिची नोंदवही चाळू लागलो. वही नीटनेटकी होती: तारीख, शाईचे प्रमाण, तव्याचे तापमान, बीप आले की नाही. पण काही नोंदींपुढे लाल पेन्सिलीचा बारीक ठिपका होता आणि त्याचा खुलासा कुठेही नव्हता. ठिपका असलेल्या प्रत्येक नोंदीत छपाई फसली होती. मला वाटले, ही तिची खूण आहे. जी पट्टी खरोखर इथे छापली, तिच्यापुढे ठिपका. ज्या पट्ट्या बाहेरून आणल्या, त्यांच्यापुढे काही नाही. हे सुचल्याचा मला आनंद झाला होता, हे इथे लिहायलाच हवे.

मग मी आणखी एक गोष्ट केली. काच कापायच्या हिऱ्याच्या कलमाने मी कोऱ्या काचपट्ट्यांच्या कोपऱ्यांवर बारीक चरे ओढले, सहज डोळ्यांत भरणार नाहीत असे. खोके पुन्हा होते तसे ठेवले. म्हटले, छापून आलेल्या पट्टीवर चरा नसला की चोर सापडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर चार पट्ट्या होत्या. चारही बीप करीत होत्या. चारही पट्ट्यांच्या कोपऱ्यात माझा चरा होता.

सरळ मनाचा माणूस इथे थांबला असता. मी मात्र म्हणालो, म्हणजे ही कोऱ्या पट्ट्या इथून नेते आणि बाहेर छापून आणते. शंकेपुढे पुरावा टाकला तर ती तो खाऊन टाकते आणि पुन्हा ताट पुढे करते. बाहेर म्हणजे कुठे, तर मला आठवले: एकदा बोलता बोलता ती म्हणाली होती, "आमच्या मामाचा छापखाना हाय लातूरला." पत्रिका आणि कापडी पिशव्या छापणारा, जाळीवर रबराच्या पट्टीने शाई ओढणारा छापखाना. तशा जाळीतून केसाएवढी रेघ उतरवणे जवळपास अशक्य असते, हे मी स्वतः वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. तरीही मी रविवारी सकाळी लातूरच्या गाडीत बसलो. ते पत्र माझ्या पिशवीत होते.

दुकान गंजगोलाईच्या बाजारापासून पाच-सहा गल्ल्या आत होते. पन्नाशीचा, अंगाने जाड, हाताला हिरवा रंग लागलेला माणूस बाकावरच्या पिशव्या बाजूला सारत म्हणाला, "या सर, बसा. पत्रिका का पिशव्या?"

मी त्याला 'सर' म्हणायचे काही कारण दिले नव्हते.

"पत्रिका," मी म्हणालो. "पुतण्याचं लग्न आहे."

"बढिया! मुलगी कुठली?"

"मुखेडची." मी खोटे किती सहज बोलतो याची मलाच गंमत वाटली.

"मुखेडची म्हंजी जेवणात तिखट सांभाळून घ्या म्हणावं पुतण्याला." तो स्वतःच हसला. आतल्या बाजूला दोन बायका पिशव्यांवर जाळी टेकवून शाई ओढत होत्या. त्यांना त्याने हाक मारली, "अक्का, पाणी मारा की तिकडं! शाई बसून राहिली जाळीत."

त्यांच्यातल्या एकीने तांब्यातले पाणी खिडकीवर मारले. तिथे तागाचे एक पोते टांगले होते, ओलेचिंब. बाहेरची गरम झळ त्या पोत्यातून गार होऊन छपाईच्या टेबलावर येत होती.

मी पत्रिकांचे नमुने चाळत विचारले, "यात सगळ्यात बारीक रेघ किती येते? म्हणजे किती मायक्रॉनपर्यंत?"

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तेवढं न्हाई बघा आपल्याला कळत. डोळ्याला दिसंल तेवढी येती. माझी भाची हाय नांदेडला, ती असलंच बोलती. तिथं काचंवर चांदी छापून राहिली ती. एकदा मला दाखवाया आणली काच, मला तर कायबी दिसंना. म्हणलं, बाई, हे छापलंय का नुसतं पुसलंय?" तो पुन्हा हसला. "तिच्या सरांचं लई नाव घेती पण. सर लई शांत हायत म्हणती, कधी रागवत न्हाईत."

मी पाणी मागितले. काहीतरी बोलायचे म्हणून खिडकीकडे बोट दाखवून म्हणालो, "पोतं छान लावलंय. गार राहतं."

"गारव्यासाठी न्हाई ते. माणसं काय, घामात बी काम करतेत. पण ही पिशव्यांची शाई पाण्यातली हाय. आपल्याकडची उन्हाळ्याची हवा म्हंजी कोरडी ठाक. पोतं वाळलं की शाई जाळीच्या भोकातच मरती, रेघ तुटती. पोतं ओलं असलं की रेघ सलग. इतकीच हिकमत हाय, सर. शिकल्याली माणसं विचारतेत यंत्र कोणतं; म्हणलं, यंत्र कसलं, पोतं हाय."

मी हातातला नमुना खाली ठेवला. माझ्या डोळ्यांपुढे कूलर उभा राहिला.

आमच्या प्रयोगशाळेत चाकांचा एक जुना कूलर आहे. ती एकटी काम करायची तेव्हा त्याचे तोंड भिंतीकडे ठेवायची, कारण समोर ठेवला की वारा थेट पट्टीवर येऊन धूळ बसते. ती ओली हवा भिंतीवर आपटून प्रिंटरच्या कोपऱ्यात भरून राहायची. आणि मी आत पाऊल टाकले की पहिली गोष्ट ती कोणती करायची? "बसा सर," म्हणायची आणि कूलर माझ्याकडे वळवायची. आमच्याकडे कुणाच्याही घरी, कचेरीत, दुकानात हेच करतात. मोठा माणूस आला की पंख्याचे, कूलरचे तोंड त्याच्याकडे. न वळवणे हा उर्मटपणा. माझी खुर्ची उघड्या दारापाशी. म्हणजे खोलीतली सारी ओल मला गारवा देऊन दारातून बाहेर जायची आणि कोपऱ्यात एप्रिलची कोरडी हवा शिरायची. चहा, कालचा वृत्तांत, माझे मृदू प्रश्न, यांत वीस-पंचवीस मिनिटे जायची, तोवर प्रिंटरच्या छिद्रांच्या तोंडाशी शाई सुकू लागलेली असे. मग मी म्हणायचो, आता छाप.

मी समोर असताना रेघ तुटायची, ती तिने मला दिलेल्या मानामुळे. आणि आमचा विषय होता ओलावा मोजणे. खोलीतली आर्द्रता दाखवणारे यंत्र कपाटात होते, सेल संपलेले. तिच्या चार वर्षांत मला ते बाहेर काढावेसे वाटले नव्हते.

मामांनी चहा पाजल्याशिवाय सोडले नाही. निघताना म्हणाले, "पुतण्याचा निरोप घेऊन या. मजकूर पक्का करून." मी हो म्हणालो.

परतीच्या गाडीत मी पत्र पिशवीतून काढून वाचले. वाक्यरचना निर्दोष होती. तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि खरे तर याच परिच्छेदासाठी मी हे सारे लिहितो आहे. तिच्या आधी माझ्याकडे एक विद्यार्थी होता. माझ्याच भागातला, आमच्यासारख्याच शेतीवाडीच्या घरातला. त्याचे वडील माझ्या थोरल्या भावाच्या ओळखीचे. त्याच्या काचपट्ट्याही सकाळी टेबलावर मांडलेल्या असत. त्यांतली एकही मी 'माझ्यासमोर छाप' म्हणून मागितली नव्हती. बीप ऐकले आणि सही केली. 'कुणी पाहिलं?' हा प्रश्न मला त्याच्या बाबतीत सुचलाच नाही. मी स्वतःला जातपात न मानणारा समजतो. सभांत तसे बोलतोही. पण कोण खोटे बोलू शकते हे माझ्या मनाने कुणालाही न विचारता आधीच ठरवले होते, आणि मग हिऱ्याच्या कलमाने पुरावे कोरायला ते मला बसवत होते.

सोमवारी मी प्रयोगशाळेत गेलो. ती उठली, "बसा सर," म्हणाली आणि कूलरकडे वळली.

"राहू दे," मी म्हणालो. "त्याचं तोंड भिंतीकडेच असू दे. आणि छाप."

"सर, लई ऊन हाय. घाम येईल तुम्हाला."

"येऊ दे."

ती गोंधळली, पण छापायला बसली. मी दाराशी उभा राहिलो. पाठीवरून घामाच्या धारा उतरत होत्या. पट्टी निघाली, तव्यावर गेली. अर्धा तास गेला. मग तिने मल्टीमीटरची टोके टेकवली आणि बीप झाले. तिने दुसरी रेघ पाहिली, तिसरी पाहिली. मग टोके हातात तशीच धरून ती कूलरकडे पाहू लागली. सांगायची गरज पडली नाही. तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना मी पाहिले.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "आमच्या मामाचं पोतं."

"तुला माहीत होतं?"

"लहानपणापासनं बघते सर. मला वाटायचं, गारव्यासाठी असतंय."

मी नोंदवहीकडे बोट दाखवले. "हे लाल ठिपके कसले आहेत?"

तिने मान खाली घातली. "तुम्ही असला की ठिपका."

"का?"

"तुम्ही असलात की फसतंय, हे मला मार्चातच दिसलं होतं सर. पण असं कसं लिहायचं? म्हणून ठिपका. मला वाटायचं, माझंच चुकतंय. तुम्ही बघायला लागलात की मी घाबरून काहीतरी विसरते. काय विसरते ते शोधत होते. शाई दोनदा गाळून बघितली, प्रिंटर उघडून बघितला." मग ती म्हणाली, "छापतो तर प्रिंटर, माझा हात कुठं लागतो? तरी बी माझंच चुकतंय असंच वाटायचं."

म्हणजे त्या खोलीत आम्ही दोघेही एकाच माणसावर संशय घेत होतो.

मी तिला पत्र दिले. फाडून टाकता आले असते, पण ते पुन्हा स्वतःला सोडवणे झाले असते. तिने ते उभ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मग मी तिला कोपऱ्यांवरच्या चऱ्यांबद्दल सांगितले आणि म्हणालो, "आणखी एक सांगायचं आहे. काल मी लातूरला..."

"माहीत हाय सर. मामाचा फोन आला होता रात्री."

"त्यांनी ओळखलं?"

"ते म्हणले, तुझे सर येऊन गेले गं. मी म्हणलं, कशावरून? तर म्हणले, पत्रिकेला मायक्रॉन कोण विचारतंय?" तिला हसू आले नाही, सांगायची लकब तेवढी मामांची होती. "आणि विचारत होते, पुतण्याचं लग्न खरंच हाय का, का नुसतं बघायला आलते."

मी म्हणालो, "नाही. पुतण्या नाही मला. माझं चुकलं."

"व्हय सर," ती म्हणाली. मला वाटले होते, ती 'असू द्या सर' म्हणेल. आपल्याकडे असे म्हणायची रीत आहे. तिने ती रीत पाळली नाही, आणि आज मला वाटते, त्या दिवशी तिने मला दिलेला खरा मान तोच होता.

पत्र तिने घडी करून नोंदवहीत ठेवले. जूनच्या बैठकीत तिने समितीच्या तिघांसमोर छापून दाखवले. शिपायाने कूलर पाहुण्यांकडे वळवताच तिने उठून तो भिंतीकडे फिरवला आणि आधी कारण सांगितले. कपाटातल्या आर्द्रतामापकात तिने नवे सेल घातले होते. तिघे रुमालाने मान पुसत बसले आणि तिन्ही रेघांवर बीप झाले. अहवालावर मी 'समाधानकारक' लिहिले. आठ दिवसांनी ती मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' एवढेच लिहिले होते. तिथे खरे कारण लिहायचा तिला अधिकार होता, आणि ते पत्र पुरावा म्हणून तिच्याजवळ होते. मी सही केली. प्रिंटर तिच्याबरोबर पाठवून दिला.

तिचा प्रबंध आता ग्रंथालयात आहे. गेल्या महिन्यात मी तो काढून वाचत बसलो होतो. खोलीतल्या आर्द्रतेवर एक पूर्ण प्रकरण आहे, आणि त्यात ओल्या पोत्याचे श्रेय लातूरच्या एका छपाई कारागिराला दिले आहे. त्याच प्रकरणात सूक्ष्मदर्शकाखाली मोठे करून छापलेले एक छायाचित्र आहे. दोन कंगवे, एकमेकांत शिरलेले, कुठेही न टेकलेले, रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. आणि डाव्या कोपऱ्यात, तेवढ्याच स्पष्टपणे, माझा चरा. कोपरा कापून छायाचित्र छापता आले असते. तिने ते पूर्ण ठेवले आहे, आणि खाली चऱ्याबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाही.